खांबाआडची अर्धी चंपा

भटवाडीतल्या बैठ्या चाळीत समोरासमोर दोन दारं. एका दारात प्रेमा धुरी, दुसऱ्या दारात चंपा शिगवण. मधे एवढासा बोळ, की चंपा तिकडे शिंकली तर प्रेमा इकडून "सत्य आहे" म्हणणार. आणि त्या बोळात, बरोब्बर दोघींच्या मधे, एक लाईटचा खांब. आयुष्यात कधी धड पेटला नाही, पण हललाही नाही.

तर ह्या चंपाच्या गळ्यात घाटकोपरातले सगळ्यात भारी हार पडलेत. ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, लांबलचक मोहनमाळ. कानात बुगड्या, झुमके, वेल. नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ. लग्नाचा सीझन आला की विचारूच नका, रोज काहीतरी नवीन. एखाद्या राणीने पण एवढं घातलं नसेल. आणि गंमत म्हणजे चंपाला ह्यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. तिच्याकडे खरं सोनं म्हणजे मंगळसूत्राच्या दोन वाट्या आणि कानातली कुडी, बस्स. बाकीचं सगळं तिला प्रेमा घालत होती. कागदावर. न विचारता. चोरून.

"चोरून" हा शब्द प्रेमाला अजिबात आवडायचा नाही. ती मनातल्या मनात भांडायची की समोर बसलेलं माणूस दिसतं, त्यात माझा काय गुन्हा? डोळे काय मिटून बसू?

प्रेमा लग्न होऊन मालवणाकडून इथे आली तेव्हा तिला एकच गोष्ट झकास यायची, ती म्हणजे रांगोळी. अशी रांगोळी की माणसं चप्पल हातात घेऊन कडेकडेने जायची. ती कोणीतरी घाटकोपर पूर्वेच्या एका गुजराती सोनार शेठला दाखवली आणि शेठने तिला दुकानात मागच्या खोलीत बसवलं. काम काय, तर दागिन्यांची डिझाईनं काढायची. काळा कागद, पिवळा आणि पांढरा पोस्टर कलर, आणि एक ब्रश, ज्याला केस मोजून सातआठ असतील. सोनं पिवळ्याने, मोती पांढऱ्याने.

आता ह्या धंद्यात एक रीत आहे. हार काढायचा तर तो अर्धाच काढायचा. डावीकडे जे, तेच उजवीकडे, मग दोनदा कशाला मरायचं? कारागीर कागद घेतो, त्यावर बटर पेपर ठेवून गिरवतो, उलटा करतो, झाला पूर्ण हार. म्हणून प्रेमाची सगळी डिझाईनं अर्धी. अर्धी ठुशी, अर्धा तन्मणी. कारागिराला अर्ध्यात पूर्ण दिसायचं. गिऱ्हाईक बायकांना मात्र घंटा काही दिसायचं नाही.

एक दिवस शेठ वैतागला. "प्रेमाबेन, अर्धा हार बघून बाईला वाटते आपण अर्धाच देणार. तोंड काढा, तोंड! तोंडाखाली हार दिसला की बाई खुर्चीत बसते. बसली की घेते."

झाली का पंचाईत! प्रेमाला फुलं यायची, वेली यायच्या, मोर तर डोळे बांधून यायचा. तोंड कुठून आणणार? तिने एक सिनेमाची नटी काढून बघितली, तर शेठ म्हणाला, "आ तो माझा साडू वाटतो."

तोंड पाडून ती घरी आली, दुपारी दारात बसली. समोर चंपा तिच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. निवडत म्हणजे काय, हात सुपात आणि डोळे बोळाच्या तोंडाशी, कोण आलं, कोणाकडे आलं, हातात पिशवी कसली. हात चालू, पण मान जागची हलत नाही. अशी मॉडेल पैसे देऊन पण मिळायची नाही! आणि मधल्या खांबाने तिचा उजवा अर्धा चेहरा खाऊन टाकलेला. दिसत होती ती फक्त डावी चंपा. एक डोळा, अर्धं नाक, अर्धं कुंकू, अर्धे ओठ आणि हनुवटीवर डावीकडे टम्म तीळ.

प्रेमा उडालीच. अर्धा हार, अर्धी चंपा. फिट्ट!

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते शेठचं दुकान बंद होईपर्यंत. हिवाळा असो, परीक्षा असो, कोणाच्या घरी बारसं असो. प्रेमा मांडीवर पाट घेऊन दारात आणि चंपा खांबाआड. चंपाने कधी विचारलंच की "काय गं चितारतेस एवढं?" तर प्रेमा म्हणायची, "दुकानाचं काम. फुलं." खोटं नव्हतंच ते. फुलं पण असायची. चंपाच्या गळ्यात असायची, एवढंच.

वापरून झालेली डिझाईनं कारागीर परत द्यायचे, काजळी लागलेली, कोपरे दुमडलेले. दुकानाला त्यांचं काम नसायचं. प्रेमा ती घरी आणायची आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. ट्रंक भरली, पलंग वर उचलला गेला, खाली विटा लागल्या. तरी ठेवतच गेली.

आणि मग ह्या वर्षी चाळ पाडायची ठरली. बिल्डर आला, मिटिंगा झाल्या, पेढे वाटले, महिनाअखेर सगळ्यांनी खोल्या खाली करायच्या. प्रेमा बोरिवलीला लेकाकडे, निलेशकडे जाणार. चंपा मुलुंडला मुलीकडे. "टॉवर झाला की परत येऊच की," असं सगळे म्हणत होते आणि कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

निलेशची बायको रश्मी सामान बघायला आली आणि ट्रंकेपाशी अडली. पोरगी मनाची चांगली, पण तिच्या घरात भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा आणि कपाटांना हँडल पण नाहीत.

"आई, ही ट्रंक?"

"ती येणार."

"कुठे येणार? पलंगाखाली आपल्याकडे जागाच नाहीये. पलंगाखाली पलंग आहे."

"मग मी नाय येत."

"आई!"

"रद्दीत गेली ना ही, तर माका पण तराजूत घाल आणि दे रद्दीवाल्याक."

रश्मी घाबरली. पण गप्प बसणारी नाही ती. ट्रंकेतल्या चारपाच कागदांचे तिने फोटो काढले आणि कुठे कुठे पाठवले. आणि चक्क अंधेरीच्या एका डिझाईन कॉलेजातून फोन आला. तिथे म्हणे असलंच सगळं गोळा करून जपून ठेवतात. हाताने काढलेली दागिन्यांची डिझाईनं, कपड्यांची स्केचेस, साड्यांच्या जुन्या जाहिरातीतल्या बायका. कॉम्प्युटर आल्यावर जे जे लोकांनी फेकून दिलं ते सगळं. पोरं येतात, बघतात, शिकतात.

प्रेमाला आधी वाटलं चेष्टा आहे. मग रात्रभर झोप नाही. ट्रंक रद्दीत जाणार नाही! कॉलेजात जाणार! जी स्वतः सातवीपर्यंत गेली तिची ट्रंक कॉलेजात!

कॉलेजातून आली ती श्रुतिका. तिथलं सगळं कलेक्शन तीच सांभाळायची. केस एवढेसे, खांद्यावर झोळा, नाकात चमकी. आल्या आल्या तिने पांढरे हातमोजे घातले.

"हात खराब नाय होणार गो बाय," प्रेमा म्हणाली. "कागद आधीच काळे आहेत."

"हात नाही मावशी, कागद खराब होऊ नयेत म्हणून."

प्रेमाने कागदांकडे बघितलं. ह्या कागदांवर शेठने चहा ठेवलेला, कारागिरांनी वडापाव खाल्लेला.

श्रुतिका एकेक कागद काढायला लागली. नुसती "बापरे," "यार," "मावशी, हे तुम्ही?" असं चाललेलं. प्रेमा फुलून कुप्पा. आणि मग तो प्रश्न आला.

"मावशी, ही कोण?"

"कोण?"

"ही. सगळ्यांवर हीच आहे."

"ती होय. मनातली."

"मनातल्या बाईला हनुवटीवर तीळ?"

"मनातच आला."

तेवढ्यात समोरून हाक. "काय गं प्रेमा! कोण आलंय? शिरगणतीवाली का? तिला म्हणावं इकडे पण ये, माझं नाव मागच्या वेळी चुकवलंय मेल्यांनी!"

श्रुतिकाने दारातून बाहेर बघितलं. लाईटचा खांब. खांबाआडून अर्धी बाई. एक डोळा, अर्धं नाक, हनुवटीवर तीळ. तिने हातातला कागद बघितला. परत बाहेर बघितलं. परत कागद.

"मावशी…"

"श्श्श!"

"त्यांना माहीत नाहीये?"

"हळू बोल गो, तिचे कान म्हणजे…"

श्रुतिका खाली बसली. आणि मग तिने खरी अडचण सांगितली. कॉलेजचा नियम होता. ज्याचा चेहरा ओळखता येतो आणि ते माणूस हयात आहे, त्याने कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने हो म्हणायला पाहिजे. नाहीतर काहीच घेता येत नाही.

"मेली असं समज," प्रेमा म्हणाली.

"मावशी, त्या हात हलवतायत."

आता चंपाला सांगून टाकायला काय झालं होतं, असं कोणाला वाटेल. त्यांना फोटो स्टुडिओची गोष्ट माहीत नाही. भटवाडी नाक्यावर एक स्टुडिओ होता. चंपाचं नवीन लग्न झालेलं, तिथे जोडीने फोटो काढला. स्टुडिओवाल्याला तो एवढा आवडला की त्याने मोठा करून शोकेसमधे लावला. चंपाला कळलं तेव्हा ती बांगडे कापत होती. तशीच उठली, हातात विळी, आणि शोकेससमोर जाऊन उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. काचेला हात लावला नाही. नुसती उभी. स्टुडिओवाल्याने स्वतः काच उघडून फोटो दिला, वर निगेटिव्ह दिली, वर म्हणे दोन पासपोर्ट फोटो फुकट दिले. "माझं तोंड काय बाजारात मांडायला आहे?" हे ती आजपण सांगते आणि सांगताना हातवारा विळीसारखाच करते.

एका फोटोसाठी विळी. इथे तर ट्रंक भरून चंपा होती, आणि ती पण सोनाराच्या दुकानात अख्ख्या घाटकोपरला दाखवलेली! वाट लागली होती, दुसरं काय.

पण प्रेमा पण मालवणची. हार मानणारी नाही. तिने ठरवलं, चंपाला हो म्हणायला लावण्यापेक्षा चंपालाच काढून टाकू. ब्रश काढला, वाळलेला पांढरा रंग पाण्यात कालवला आणि एका कागदावर चंपाला चष्मा घातला. बघितलं. चंपा अजूनच चंपा दिसत होती, फक्त आता बँकेत नोकरी करत होती. मग तीळ खोडायला गेली. तीळ खोडला तर हनुवटी गेली. हनुवटी सारखी केली तर चंपाची नणंद झाली, आणि ती तर चंपाहून डेंजर.

श्रुतिका परत आली, तिने कागद उचलला आणि बोट लावून बघितलं.

"मावशी, हा रंग ओला आहे."

"हवा दमट आहे."

"मावशी."

"चष्म्याची फॅशन होती तेव्हा."

"एका डोळ्याच्या चष्म्याची?"

प्रेमाने मान खाली घातली. श्रुतिका हसून हसून भिंतीला टेकली, पण नियम तो नियम. "महिनाअखेरच्या आत मला त्यांचा होकार पाहिजे, मावशी. नंतर तुम्ही दोघी दोन टोकांना जाल."

मग प्रेमाने घावणे केले. सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं. घेऊन चंपाकडे गेली. चंपाने ताटलीकडे बघितलं, मग प्रेमाकडे.

"काय पाहिजे?"

"काही नाही गं. सहज."

"तू सहज मला कधी मीठपण दिलं नाहीस. बोल."

"चंपा, समज हां, नुसतं समज. कोणी तुझं चित्र काढलं…"

"कोणी?"

"समज."

"कोण मेला तो?"

"अगं चांगलं चित्र."

"चांगलं कशाला काढेल? माझ्याकडून काय पाहिजे त्याला?"

"काहीच नको."

"मग तर नक्की हरामखोर आहे," चंपा म्हणाली आणि घावणा मोडला. "नाव सांग. विळी अजून बांधली नाहीये सामानात."

प्रेमा रिकामी ताटली घेऊन परत आली. घावणे गेले ते गेले.

आणि मग रश्मीने घोळ घातला.

श्रुतिकाला वाटलं, होकार येईपर्यंत बघू तरी कॉलेजात लावायचं पोस्टर कसं दिसेल. हार अर्धा आहे, म्हणजे कारागिरासारखा उलटा करून जोडायचा, सोप्पं. तिने कॉम्प्युटरवर कागद उलटा केला आणि चिकटवला. हार झकास जुळला. पण हारावर चंपा पण होती ना! ती पण जुळली. डाव्या चंपाला डावीच चंपा जोडली गेली. दोन डोळे, ठीक. पूर्ण कुंकू, ठीक. हनुवटीवर दोन तीळ. आणि नाकात, दोन्ही बाजूंना, दोन नथी. मधे ओठ कुठेतरी मोत्यांच्या गर्दीत हरवलेले.

श्रुतिकाने ते फक्त रश्मीला पाठवलं, गंमत म्हणून, "कोणाला दाखवू नका हां." रश्मीने बघितलं, तिला सासूचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी तिने ते चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ज्यात ती बिल्डरच्या निरोपांसाठी सासूच्या वतीने होती. खाली लिहिलं, "आमच्या आईंची कला," आणि हात जोडल्याची चार चित्रं.

मिनिट गेलं असेल नसेल. मग बोळाच्या त्या टोकाकडून कोणीतरी खिंकाळलं. मग ह्या टोकाकडून. मग राजेश रिक्षावाल्याचा आवाज, तो चंपाच्या पलीकडच्या खोलीत राहायचा. "चंपामावशी! एक नथ मला द्या ना, बायकोसाठी!"

"कसली रे नथ?"

"अहो तुमच्याकडे दोन आहेत. एकाच नाकात!"

प्रेमा आत ट्रंकेवर बसली होती. तिला चंपाच्या मुलीने दिलेल्या फोनची टुणटुण ऐकू आली. मग चपलेचा आवाज. बोळ ओलांडायला चार पावलं लागतात, पण त्या दिवशी चंपाने ती बरीच सावकाश टाकली.

दारात चंपा. एका हातात फोन. दुसऱ्या हातात (प्रेमाने आधी तेच बघितलं) विळी नव्हती.

"ही मी आहे," चंपा म्हणाली.

"तसं काही…"

"प्रेमा!"

"होय."

"माझ्या तोंडावर किती तीळ आहेत?"

"एक."

"मग हा दुसरा कुठून आला?"

"कॉम्प्युटरमधून."

"आणि दोन नथी? मी काय तोरण आहे?"

"मी एकच काढली होती गं! शप्पत! हे त्या पोरीने जोडलंय. मी अर्धीच काढते. मी नेहमी तुला अर्धीच…" आणि प्रेमाने जीभ चावली. नेहमी.

चंपाने डोळे बारीक केले. "नेहमी?"

प्रेमा ट्रंकेवरून उठली. दुसरं करणार काय? बसून राहिली असती तर चंपाने तिच्यासकट ट्रंक उघडली असती. झाकण वर केलं आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

चंपा खाली बसली. हातमोजे वगैरे काही नाही, पदराला हात पुसून एकेक कागद काढायला लागली. प्रेमाला वाटत होतं आता फाडेल, मग फाडेल. अंधेरीच्या कॉलेजात जायचे सगळे कागद तिला चंपाच्या बोटांत फाटलेले दिसत होते. चंपा फाडत नव्हती. काही बोलत पण नव्हती, आणि हे जास्त भयंकर होतं, कारण ह्याआधी चंपा अशी गप्प राहिली होती ती त्या शोकेससमोरच.

मग एक कागद उजेडात धरून ती म्हणाली, "एवढी बारीक होते मी?"

"होतीस."

"हा हार कोणी घेतला?"

"पंतनगरची एक डॉक्टरीण. म्हणाली, हा ह्या बाईवर दिसतो तसाच दिसायला पाहिजे माझ्यावर."

"दिसला?"

"कुठला. तिला मानच नव्हती."

चंपाच्या नाकातून हसू निघालं, पण तिने लगेच ते आवरलं. पुढे गेली. कागदागणिक चंपा मोठी होत होती. गाल बसला. डोळ्याखाली रेघ आली.

"हिथे मला लाली का लावलीस?"

"शेठ म्हणाला, आता तरुण पोरगी काढा, ही बाई म्हातारी झाली."

"मग?"

"मग मी तुलाच लाली लावली. शेठला कळलंच नाही."

पुढचा कागद तिने हातात घेतला आणि घेऊनच बसली. त्यावरची चंपा फार वाळलेली होती. गळ्यात साधा सर, कपाळावर अर्धं कुंकू.

"हे कधीचं?"

प्रेमा भिंतीचा पोपडा खरवडायला लागली.

"ह्यांच्या नंतरचं आहे ना?"

"होय. भावजी गेले त्या वर्षीचं."

"मी लावत नव्हते कुंकू."

"माहीत आहे."

"मग?"

"शेठ म्हणाला, बिनकुंकवाच्या बाईवर हार खपत नाही."

चंपाने वर बघितलं. प्रेमाला सगळं येतं, खोटं बोलता येत नाही. तिचे कान लाल होतात.

"शेठ म्हणाला?"

"…नाही. शेठ तेव्हा गावाला गेला होता."

बोळात राजेश कोणालातरी अजून नथीचा जोक सांगत होता. चंपाने पदराने नाक पुसलं, जोरात, जसं काही सर्दीच झालीय. मग कागद प्रेमाच्या तोंडासमोर धरला.

"आणि हा सर मला अजिबात शोभत नाहीये. मान आखूड दिसते. काय बघून काढलास?"

"तुझी मान बघूनच."

"भवाने!" चंपा म्हणाली. आणि प्रेमाला एवढं बरं वाटलं की तिला रडूच फुटलं.

मग प्रेमाने सगळं सांगितलं. कॉलेज, हातमोजे, नियम, कॅमेरा. नाही म्हणालीस तर ट्रंक रद्दीत जाईल, तेही सांगितलं. चंपा ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे प्रेमा चांगलं ओळखायची. कोणाच्या तरी पिशवीत काय आहे ते कळल्यावर येतं ते.

"बोलव त्या पोरीला," चंपा म्हणाली. "मी बोलीन कॅमेऱ्यासमोर. पण मी बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही. मी जे म्हणेन त्याला मान हलवायची."

"म्हणजे तू काय म्हणणार?"

"ते मी बघीन. माझं तोंड, माझी मर्जी."

श्रुतिका आली, तिने तीन वेळा माफी मागितली, नथींसाठी वेगळी, तिळासाठी वेगळी. चंपाने ती राणीसारखी स्वीकारली. लेकीच्या लग्नातली पैठणी नेसून, केसाला तेल लावून खुर्चीत बसली होती. अर्धी चाळ दारात. श्रुतिकाने कॅमेरा लावला.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं का, प्रेमामावशी तुमचं चित्र काढतात?"

"माहीत? बाय, मीच हिला बसवलं."

प्रेमाने तोंड उघडलं. चंपाने बघितलं. प्रेमाने तोंड मिटलं.

"ही आली बिचारी गावाकडून. मोर यायचा, दुसरं काही नाही. मी म्हटलं, प्रेमा, तुला तोंड पाहिजे ना, मग मी आहे. रोज बसायचे. तांदूळ घेऊन बसायचे ते काय खरं होतं? आमच्याकडे रेशनचा तांदूळ, निवडून काय निवडणार? ते नाटक होतं. घरात कळू नये म्हणून."

"काय सांगता!" श्रुतिकाचे डोळे चमकले. "आणि मावशी, सगळ्या चित्रांत अर्धाच चेहरा का?"

"कारण मी म्हटलं, अर्धाच देईन. अख्खं तोंड मी कोणाला देत नाही."

दारातून कोणीतरी खोकलं. राजेश तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला.

"मला वाटलं, तो खांब मधे आहे म्हणून…"

"खांब नंतर आला," चंपा बिनधास्त म्हणाली.

श्रुतिकाने प्रेमाकडे बघितलं. "असंच होतं का हो, मावशी?"

प्रेमाची मान काही हलेना. तिची नजर, तिचा खांब, तिची चोरी, आयुष्यभर सांभाळलेली एकुलती एक लबाडी ही बया दिवसाढवळ्या घेऊन चालली होती! आणि हे आता कायमचं रेकॉर्ड होणार. उद्या पोरं येतील, बटण दाबतील आणि ही चंपा त्यांना सांगेल की हिला फक्त मोर यायचा. प्रेमाने ट्रंकेकडे बघितलं. दोरीने बांधून दारापाशी ठेवलेली. बाजूला रद्दीवाल्यासाठी जुने पेपर, त्यांना पण तशीच दोरी.

"होय," ती म्हणाली. "असाच होता."

"आणि लाली?" चंपाने विचारलं.

"लाली पण हिनेच सांगितली."

"बघा."

"मग मावशी," श्रुतिका म्हणाली, "ही चित्रं आम्ही ठेवायला तुमची हरकत नाही ना?"

चंपाने पदर सारखा केला. चाळ थांबली. प्रेमाने श्वास धरला, आणि चंपाने तो तिला चांगला धरायला लावला.

"माझी हरकत नाही," शेवटी ती म्हणाली. "पण जोडाजोडी करायची नाही. जशी अर्धी आहे तशी अर्धी. एक नथ, एक तीळ."

"नक्की."

"आणि खाली नाव लिहाल ना?"

"तुमचं पण लिहू ना, मावशी."

"माझं कशाला? वर तोंड आहे ना माझं. हिचं लिहा. प्रेमा धुरी. मोठ्या अक्षरात, चष्मा नसलेल्याला पण दिसेल असं." मग प्रेमाकडे न बघता, "नाहीतर रडत बसेल बोरिवलीला."

कॅमेरा बंद झाला. प्रेमा काहीतरी बोलायला गेली तर चंपा म्हणाली, "घावणे चांगले होते. मीठ कमी होतं." झालं, विषय संपला.

ट्रंक राजेशच्या रिक्षात चढवली. श्रुतिका पुढे स्कूटरने जाणार होती, रस्ता दाखवायला. प्रेमा मागे बसली, ट्रंकेला हात लावून. तर चंपा पैठणीतच दुसऱ्या बाजूने चढायला लागली.

"तू कुठे?"

"कुठे म्हणजे? बघून येते, कुठे ठेवतायत. ओल आहे का, उंदीर आहेत का. तुला काय, तुझा नुसता रंग आहे. तोंड माझं आहे."

"जागा नाही गो चंपा."

"तू सरक."

"ट्रंक आहे मधे!"

"मग तू अर्धीच बस."

दोघी मधे ट्रंक घेऊन कशाबशा मावल्या. चाळ दारात उभी राहून बघत होती. राजेशने किक मारली, रिक्षा बोळाच्या तोंडापासून हलली आणि पहिल्याच खड्ड्यात धाडकन आदळली. ट्रंक आतल्या कागदांसकट खडखडली.

चंपाने पुढे वाकून राजेशच्या पाठीत एक ठेवून दिली.

"हळू चालव मेल्या! आत मी आहे!"